गोदाबाईंचं अर्धं रडणं

दिवाळी अंकवाल्या मंडळींनी मला फोनवर बजावलं, "काका, रेडिओच्या पोटात काय असतं ते लिहू नका, वाचणारे झोपतील. गिऱ्हाइकांचं लिहा." म्हणजे उभी हयात ज्या कामात गेली ते सोडून बाकीचं लिहा! ठीक आहे. मी कुणाशी वाद घालत नाही. घालतो, असं आमच्या घरात म्हणतात, पण ते सोडा.

सेलूला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. रेडिओ, टेप, टीव्ही, मग डिशच्या छत्र्या, मग मोबाईल, असं जे जे बाजारात आलं ते ते उघडून बघत मी म्हातारा झालो. तुटलेल्या तारेला डाग द्यायचा आणि मेलेला आवाज परत आणायचा, एवढाच माझा धंदा. टेपमध्ये गुंतलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळून दिली तरी लोक तोंडभरून आशीर्वाद द्यायचे. आता पाच मिनिटं नेट गेलं तर शिव्या देतात. चालायचंच.

शेवटी शेवटी जी वस्तू हाताखालून गेली ती बोलका डबा. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण कुणी हा लेख घरात मोठ्यानं वाचायला घेतला तर कोपऱ्यातला डबा ओ द्यायचा. तांब्याएवढी गोल वस्तू. घरच्या इंटरनेटला जोडायची, कुणाच्या तरी मोबाईलवर तिचं खातं उघडायचं, झालं. नाव घेऊन हाक मारली की वर निळी बत्ती पेटते आणि भजन लावा म्हणलं की भजन, पाऊस कधी म्हणलं की पाऊस. बत्ती नसते तेव्हा डबा झोपलेला दिसतो, पण कान उघडे असतात. नाव ऐकल्याबिगर ओ कसा देणार? आणि बत्ती पेटल्यावर तुम्ही जे बोलता ते त्या डब्यात राहत नाही, कंपनीच्या घरी जातं. तिथं साठतं. ज्याच्या मोबाईलवर खातं असेल त्याला ते दिसतं, त्याच्यावर बोट ठेवलं की तुमचा आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. पुसताही येतो. पण आधी तो साठलाय हे तर माहीत पाहिजे.

मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. मागच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की लाल बत्ती लागते आणि कान बंद होतात, हेही सांगायचो. लोक "हौ हौ" म्हणायचे आणि पहिलं गाणं लावून बघायचे.

एकाच माणसानं ते मनावर घेतलं. पोखर्णीचा होता. मंदिराच्या वाटेवर त्याचं प्रसादाचं दुकान. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामाला त्याच्याकडं गेलो तर घरात कुणी नाही आणि मागच्या गोठ्यातून नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण ऐकू येतंय. मला बघून दोघं गप्प झाले.

"अहो, गोठ्यात कामून भांडायलात?" मी विचारलं.

"घरात त्यो ऐकतोय ना," गडी म्हणाला. "तिकडं कंपनीत कोण बसलंय काय मालूम. इज्जत जायची."

"मग बटण दाबायचं की."

"ते दाबायलाच तर हिला सांगायलो होतो," तो म्हणाला, "त्याच्यावरूनच लागलं भांडण."

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी घरी येऊन शकुंतलेला, म्हणजे आमच्या मंडळींना, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, शहाणी हायेत बिचारी, म्हैस कुणापाशी बोलणार न्हाई. आम्ही बरेच दिवस त्यावर हसलो. वालूरचं झाल्यावर मात्र मला त्या गोष्टीचं हसू आलेलं नाही.

वालूर ही माझी सासुरवाडी. गावात शिरलो की सगळा गाव मला पाव्हणं म्हणतो. तिथले दादाराव हे बऱ्यापैकी शेती असलेलं घर. मुलगा बालाजी पुण्याला नोकरीत. दादारावांची आई शेवटच्या काळात डोळ्यांनी अधू झाली होती, किती वाजले हे ती दिवसातून शंभरदा विचारायची. म्हणून बालाजीनं पुण्याहून डबा आणला, स्वतःच्या मोबाईलवर त्याचं खातं काढलं, आणि गावाकडचं नेट-बिट जोडायला मला बोलावलं. मी आजीच्या उशाशी फळीवर तो बसवून दिला. म्हातारी भारी खूश. डब्याला "लेकरा" म्हणायची. "लेकरा, जेवलास का?" असं विचारायची आणि डबा काहीतरी भलतंच उत्तर द्यायचा. तिची सून कौसाबाई चुलीपुढून ओरडायची, "आत्याबाई, त्याला काय पोट हाय का?" घरात हसणं होतं. मला माझ्या कामाचा असा आनंद फार कमी वेळा मिळालाय.

दादारावांना एकच बहीण, गोदावरी. सोनपेठला दिलेली. परिस्थिती बेताची, नवरा लवकर गेलेला, पण तिचं माहेर पक्कं. पंचमीला, दिवाळीला दादाराव स्वतः तिला आणायला जायचे. एवढी पोरंसोरं मोठी झाली तरी भाऊ मूळ म्हणून, म्हणजे न्यायला, आलाय याचं तिला कौतुक. सोनपेठच्या तिच्या गल्लीत म्हणे ती सांगत हिंडायची, माझा दादा यायलाय.

म्हातारी एका सकाळी गेली. आदल्या दिवसापासून डब्यावर हळू आवाजात भजन लावून ठेवलं होतं. आम्ही सेलूहून पोचलो, शकुंतला आत गेली, मी बाहेर ओट्यावर पुरुषांत बसलो. सगळे गोदाबाईंची वाट बघत होते. सोनपेठहून यायला वेळ लागतोच.

इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं माणूस गेलं की बाया नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. लेक दारातूनच हंबरडा फोडते आणि त्यात सगळं येतं. कुणी काय दिलं नाही, कुणी काय लागेल असं बोललं, आजवर जे गिळलं ते सगळं ती मेलेल्या माणसाला सांगते, आणि ज्याला ऐकू जायचं ते शेजारीच बसलेलं असतं. त्यात तिखटमीठही असतं. पण त्याला एक रीत आहे. आधी गाऱ्हाणं करायचं, आणि मग ज्याच्यावर गाऱ्हाणं केलं त्याच्याच गळ्यात पडून त्याचं चांगलं गायचं. तेवढं झाल्यावर म्हाताऱ्या बाया तिला पाणी पाजतात. आणि त्या खोलीत बोललेलं त्या खोलीतच राहतं. बाहेर येऊन कुणी ते बोलत नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, शकुंतला किती मयतींना जाऊन आली, कोण काय म्हणून रडलं हे तिनं मला एकदाही सांगितलेलं नाही.

गोदाबाईंची जीप आली तेव्हा आत कुणीतरी डब्याला हाक मारून म्हणालं, बंद हो. भजन थांबलं. मयताच्या घरात टीव्हीवर टाकतात तसं कौसाबाईंनी म्हातारीचं धडपं, म्हणजे जुनं लुगडं, त्या डब्यावर टाकलं. झाकलं म्हणजे मिटलं, असं तिला वाटलं. सुतकात गाणंबजावणं नको म्हणून झाकायचं, एवढंच त्या बाईच्या मनात. पण हाक मारल्यावर हा डबा थोडा वेळ कान लावून बसतो, अजून काही सांगतील म्हणून. धडप्याखाली त्याची निळी बत्ती पेटलेलीच होती आणि गोदाबाई उंबऱ्यात येऊन कोसळल्या.

आम्हाला ओट्यावर नुसता सूर ऐकू आला. माती झाली, दिवस झाले, गोदाबाई भावजयीच्या हातची भाकर खाऊन सोनपेठला गेल्या. दादारावांनीच त्यांना गाडीत बसवलं. सगळं रीतीप्रमाणं झालं.

बालाजी पुण्याला गेला. आजीचा लळा फार. एका रविवारी त्याला सुचलं की आजी डब्याशी बोलायची, ते मोबाईलमध्ये असेल. पोरगं एकेक ऐकत बसलं, "लेकरा, किती वाजले", "लेकरा, जेवलास का". ऐकता ऐकता शेवटी आत्याचा आवाज आला. त्यानं ते बापाला पाठवलं. पोरगं वाईट नाही. त्याला धक्का बसला आणि त्यानं बापाला विचारलं, एवढंच.

दादारावांनी मला ते नंतर ऐकवलं. मी नको म्हणत होतो तरी ऐकवलं.

"माय वं, डोळे गेले तुझे, अंधारात ठिवलं वं तुला. दुधावरची साय खाणारी तू, कडक भाकर चोखत बसलीस. सुनेच्या राज्यात तुला कुणी घोटभर पाणी पाजलं न्हाई वं. माझा दादा बायकोच्या शब्दाखाली, त्याला माय दिसली न्हाई वं…" आणि तिथं फट्‌कन बंद. डब्याला अर्थ लागला नाही, त्यानं सोडून दिलं.

दादारावांनी बहिणीला फोन लावला. एकच वाक्य बोलले म्हणे, "आजपासून तुला माहेर न्हाई." आणि कापला. कशावरून ते गोदाबाईंना मागून बालाजीकडून कळलं.

गोदाबाई माझ्या दुकानात आल्या त्या दिवशी मी एका जुन्या पंख्यात डोकं घालून बसलो होतो. मान वर केली तर समोर ही बाई. सोनपेठहून एसटी बदलत आलेली, चेहरा पार उतरलेला. मी स्टूल पुढं केलं. बसल्या नाहीत.

"पाव्हणं, तुमी बसवलंय ना ते मशीन?"

"हौ."

"मग त्यातलं माझं पुढचं काढून द्या."

मला कळेना. मला वाटलं पुसायला सांगतायत.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "पुसलं तर मग माझ्यापाशी काहीच राहत न्हाई. मी लय बोलले त्यादिवशी. नंतर वैनीच्या गळ्यात पडून काय काय बोलले ते बी असंल ना त्यात? ते दादाला ऐकू द्या. निम्मं ऐकून त्यो मला तोडायलाय."

मी बालाजीला फोन केला, त्याच्याकडून खातं उघडायला लावलं, पुढचं मागचं सगळं बघितलं. पुढं काही नव्हतं. नंतरचं जे होतं ते दुसऱ्या दिवशीचं, कुणीतरी पावसाचं विचारलेलं. मी गोदाबाईंना सांगितलं. त्यांनी काउंटरला धरलं.

"निम्मंच कसं धरलं वं त्यानं?" त्या मला नाही, स्वतःलाच म्हणत होत्या. मी त्यांना एसटीत बसवून दिलं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणावर ते कळेना म्हणून मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

घरी येऊन शकुंतलेला धरलं. ती त्या खोलीत होती.

"गोदाबाई पुढं काय म्हणाल्या ते सांग," मी म्हणालो.

"न्हाई सांगणार."

"अगं, त्या बाईचं माहेर तुटायलंय!"

"मला कळतंय. मला बी रात्रंदिवस तेच दिसायलंय. पण रडण्यातलं बोलणं बाहेर काढायचं नसतं. आज मी चांगलं म्हणून काढलं, उद्या दुसरी वाईट काढंल. मग कोणती लेक तोंड उघडंल? आमाला दुसरी जागा कुठंय बोलायला?"

मी आवाज चढवला. तिनं ऐकून घेतलं आणि उठून भांडी घासायला गेली. तिचे डोळे भरले होते हे मी बघितलं, तरी दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. शेवटी मी एकटाच वालूरला गेलो. निदान मशीनचं तरी दादारावांना समजावून सांगू, म्हणलं.

"दादाराव, ते मशीन तुकडाच धरतं," मी म्हणालो. "पुढचं त्यानं घेतलंच नाही."

"जे घेतलं ते खोटं हाय का? तिचा आवाज न्हाई तो?"

"आवाज तिचाच. पण रडण्यातलं आहे ते. तुम्हाला रीत माहीत आहे."

"पाव्हणं," दादाराव म्हणाले, "माझ्या बायकोनं त्या म्हातारीची घाण काढली. स्वतःच्या हातानं भरवलं. आन् मी? मी काय म्हातारीला अंधारात ठिवलं? कुणी तोंडावर बोललं असतं तर मी इसरलो असतो. हे इसरू म्हणलं तरी हे मोबाईलमधी हाय. मी रोज ऐकतो."

"कशाला ऐकता?"

"राहवत न्हाई."

मी म्हणालो, पुसून टाका. ते म्हणाले, पुसून काय होणार. कौसाबाई चहा घेऊन आल्या. मी त्यांच्याकडं बघून म्हणालो, वैनी, तुम्ही होता ना तिथं, पुढं काय झालं ते तुम्हीच सांगा दादारावांना. त्यांनी कप खाली ठेवला. "मला कुठलं ऐकू यायलंय," त्या म्हणाल्या, "मी बी रडायलेच होते." आणि आत गेल्या. रीत पाळायलाय की मनात धरायलाय, हे त्या बाईच्या पाठीवरून मला ओळखता आलं नाही.

डबा मी त्या दिवशी काढून आणला. दादाराव नको म्हणाले नाहीत. पण बोलणं डब्यात नव्हतंच, मोबाईलमध्ये होतं. पंचमी गेली, दिवाळी गेली, वालूरहून कुणी सोनपेठला मूळ गेलं नाही. गोदाबाई कुणाच्या ना कुणाच्या हाती निरोप पाठवायच्या, दादाला म्हणावं एकदा समोर बसव, मग मारलंस तरी चालंल. मी दोनदा तो निरोप पोचवला. दादाराव ऐकून घ्यायचे आणि कापसाचं बोलायचे.

हळूहळू ही बातमी गावोगाव गेली. अशा बातमीला डबा लागत नाही. मयताच्या घरी बाया आत शिरताना आधी कोपरे बघायला लागल्या. फळीवर काही गोल दिसलं की तोंडाला पदर लावून मुक्यानं रडायच्या. काही काही ठिकाणी मोबाईलसुद्धा बाहेर पुरुषांपाशी ठेवायच्या. माझ्या दुकानात डबा घ्यायला आलेल्या माणसाला मी आता आधी विचारायचो, घरात म्हातारं कोण आहे. लोकांना वाटायचं काकाचं डोकं फिरलंय.

मग गोदाबाई गेल्या. कावीळ झाली होती, अंगावर काढली, परभणीला नेईपर्यंत उशीर झाला होता. माहेर तुटून तेव्हा दुसरी दिवाळीही झाली नव्हती.

मयताला तोडलेला माणूससुद्धा जातो. वालूरहून जीप निघाली, वाटेत आम्हाला दोघांना सेलूला घेतलं. पुढं दादाराव, मागं कौसाबाई आणि शकुंतला. दादारावांनी बहिणीसाठी नवं लुगडं घेतलं होतं, ते मांडीवर होतं. मध्येच त्यांनी दुकानदाराची कागदी चिठ्ठी त्यावरून खरवडून काढली आणि खिडकीबाहेर टाकली.

गोदाबाईंचं घर लहान. पुढं ओटा नाही, म्हणून पुरुष भिंतीला लागूनच, खिडकीखाली बसले होते. दादाराव आणि मी तिथंच टेकलो. बाया आत गेल्या. आत पहिल्यांदा कुणाचाच आवाज येईना. मग कौसाबाईंनी हंबरडा फोडला. असा की मी दचकलो. आणि खिडकीतून शब्दन्‌शब्द बाहेर येत होता.

"गोदाबाई वं, माझ्या गळ्यात पडून काय म्हणली होतीस वं? वैनी, तूच माझ्या मायची माय झालीस म्हणलीस. माझ्या हातून झालं न्हाई ते तू केलंस, मी जळून बोलले, मला पोटात घाल म्हणलीस. माझ्या दादासारखा लेक कुण्या मायला मिळू द्या म्हणलीस वं! मी ऐकलं आन् गप बसले. तुझं पहिलं बोलणं मला झोंबलं होतं वं. मी तुझं चांगलं बोललेलं दाबून ठिवलं. रीत म्हणून लोकाला सांगितलं आन् राग म्हणून दाबलं वं, बाई…"

शकुंतलेचा रडण्याचा आवाजही मला त्यात ओळखू आला. बाहेर सगळे पुरुष खाली बघत होते. दादारावांच्या हातातलं लुगडं तसंच होतं, ते आत कुणी मागून न्यायचं राहिलं होतं. ते जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते.

आतला आवाज हळूहळू बसला. कुणीतरी कौसाबाईंना पाणी पाजलं असणार. दादारावांनी खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं, आता ते पुसणार. पण त्यांनी तो नुसता माझ्यापुढं धरला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आत्ता जे आतून आलं ते… हे गोदीचं बोलणं… ह्यात आलं असंल का? मला परत ऐकायचंय."

"न्हाई, दादाराव," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग खिडकीकडं तोंड करून, आत बाया बसल्या होत्या तरी, ते लहान लेकरासारखं मोठ्यानं म्हणाले, "कौसे, एकदा परत सांग. ती काय म्हणली होती, एकदा परत सांग."